खड्ड्यातला दिवा

मानायचं तर माना, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं, तो विश्वजित माझ्या सख्ख्या बहिणीचा, मोनाचा नवरा. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. आणि वेळ रात्रीची नाही, टळटळीत दुपारची.

विश्वजित कोल्हापूरजवळच्या एका डिस्टिलरीत कामाला. नाव विचारू नका. तिथं बॉयलरचा धूर एका रसायनातून सोडतात. ते रसायन धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. तापवलं की परत सोडतं, मग तो टाक्यांत भरतात. रसायनाला सुकटीसारखा वास. गॅसला मात्र ना वास, ना रंग. गळला की खड्ड्यात साचतो, आणि आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत संपतो.

पंपाच्या खड्ड्यात तिथला कामगार जोतीराम असाच गेला होता.

जोतीराम मूळचा विहिरी खणणारा. गॅस मोजायचं मीटर असो नसो, आधी पत्र्याच्या डब्यात दिवा ठेवून दोरीनं खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. त्या दिवशी मॅनेजर अमरसिंहनं त्याला दिवा लावूच दिला नाही. "घाई हाय, उतर!"

चौकशीत अमरसिंहनं सांगितलं, गडी दारू पिऊन उतरला. सुपारीच्या खांडाला न शिवणारा माणूस! नोकरीच्या भीतीनं विश्वजितनंही मान हलवली.

खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, खड्ड्याच्या काठावर दिवा.

आरती संपते न संपते तोच... पंप बंद पडला.

मीटर बिघडलेलं. अमरसिंह म्हणाला, "विश्वा, उतर."

विश्वजितनं पूजेचाच दिवा डब्यात ठेवून खाली सोडला. हातभर गेला असेल नसेल...

विझला.

"साहेब, गॅस हाय. मी न्हाय उतरणार."

"वाऱ्यानं इझला असंल. आण हिकडं!"

वारा? झाडाचं पान हलत नव्हतं.

अमरसिंहनं दिवा पुन्हा पेटवून सोडला. या खेपेला तो पार तळाला टेकला. ज्योत सरळ.

मग खालून आवाज आला. पाईपवर पाना मारल्याचा...

टण्... टण्...

गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून जोतीराम खालून असाच पाना वाजवायचा. म्हणजे, हवा चांगली हाय, या.

विश्वजितनं अमरसिंहचा हात धरला. "साहेब, नगा उतरू. आत कुणीतर हाय."

"भित्रट लेकाचा! जळतोय की दिवा!"

अमरसिंह उतरला.

पाना वाजायचा थांबला. खड्ड्यातून येणारा रसायनाचा, सुकटीचा वास गेला... एकाएकी.

दुसरं मीटर आणेपर्यंत सगळं आटपलं होतं. खड्ड्यात श्वास घेण्याजोगी हवाच नाही, असं मीटर दाखवत होतं. आणि त्याच हवेत, अमरसिंहच्या उशाशी, दिवा जळत होता.

बरं झालं, असं विश्वजितच्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं.

तेव्हापासून मी त्याच्या मागं लागलो होतो. मलकापूरला जा, जोतीरामच्या बायकोला, आक्काताईंना खरं सांग. तो म्हणायचा, "जातो की उद्या."

आज सकाळी मोनानं देवापुढं दिवा लावला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

ज्योत हलेना.

मग मोरीतल्या नळातून आवाज आला...

टण्... टण्...

विश्वजित अनवाणीच गाडीवर बसला आणि मलकापूरला निघाला.

तासाभराचा रस्ता. आता दिवस मावळलाय. आक्काताई म्हणतात, इकडं कोणी आलं नाही. त्याचा फोन लागत नाही.

मोना म्हणते, सकाळचा दिवा अजून जळतोय. तेल तर केव्हाच संपलं.