गाऱ्हाण्याचा व्हिडिओ

माझ्या नवऱ्याचं, अभयचं, खाण्याचं चॅनेल आहे. तो बोलतो, मी एडिट करते. भोईवाड्यात आमच्याच चाळीत खाली राहणारा हितेंद्र त्याचा जिवलग, तोही व्हिडिओच करतो. दोघांचेही व्ह्यूज पार मेले होते.

"वाद लावू," हितेंद्र म्हणाला. "पब्लिकला भांडण पायजे रे. महिनाभर एकमेकांची काढू, मग गळ्यात गळे."

अभयने त्याच्या मालवणी मसाल्याला भुसा म्हटलं. उत्तरादाखल हितेंद्रने चक्क गाऱ्हाणं घातलं. त्याचे वडील रमाकांतकाका चाळीच्या पूजेला देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होकार देतात. हा पठ्ठ्या नारळ पुढे ठेवून, अभयचं नाव-गाव घेऊन म्हणाला, "ह्याची वाचा काढून घे रे म्हाराजा!"

आम्ही तिघं पोट धरून हसलो. खाली कमेंटची रांग लागली. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा.

पुढच्या व्हिडिओत अभयचा आवाज बारीक आला. मी माइक बदलला. मग आवाज आलाच नाही. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, शेजारचा टीव्ही, सगळं स्वच्छ. अभयचे नुसते ओठ हलत होते. मी केबलला शिव्या घातल्या. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही.

त्याने गावी आईला फोन लावला. माझ्यासमोर चांगला खणखणीत बोलत होता. पलीकडून ती ओरडत राहिली, "अरे, बोल मा! बोलाक काय झाला तुका?"

आठवडाभरात मलाही त्याचं बोलणं ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. व्ह्यूज मात्र चढतच होते.

मी भीतीने अर्धी झाले. चॅनेल गेलं खड्ड्यात, मला त्याची "रश्मे" ही हाक परत हवी होती.

रमाकांतकाकांनी आधी लेकाच्या कानाखाली जाळ काढला. मग म्हणाले, "घातलेला गाऱ्हाणा उलटा घालूक व्हया. आणि ज्येंनी होकार दिल्यानी, त्येंनीच परत देवक व्हयो."

रविवारी दुपारी आमच्या खोलीत लाइव्ह केलं. समोर अभय आणि हितेंद्र, फोनमागे मी. दाराला कडी. लाइव्हवर माणसं भराभर जमली.

हितेंद्रने नारळ पुढे ठेवून हात जोडले. "ह्याची वाचा ह्याका परत दी रे म्हाराजा."

होकार आला नाही.

'स्क्रिप्टेड.' 'आधी भांडा.'

"लिहा ना हो, पाया पडते," मी म्हणाले.

खोलीत चिडीचूप.

मग एका बाईंनी लिहिलं: 'मी देते होकार. पण अभयच्या मागे बसलेल्या माणसांना आधी गप्प करा. ती सगळी नाय म्हाराजा, नाय म्हाराजा म्हणतायत.'

अभयची पाठ भिंतीला टेकलेली होती.