पहिला ‘क’

“तुम्हाला ‘ब’ लिहायचं होतं!”

“अहो मॅडम, पण रेघ ‘क’ आहे ना!”

मधुवंतीने कपाळाला हात लावला. समोरचा मुलगा खुर्चीत निवांत बसला होता. गळ्यात कॅमेरा, दुमडलेल्या बाह्या, आणि आपलं काही चुकलंय याचा चेहऱ्यावर मागमूस नाही.

चूक तशी तिचीच होती. पवईच्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत ती संशोधन सहायक होती. संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली, दशांश चिन्ह जागचं हललेलंही न खपणारी. आज प्रयोग सुरू व्हायची वेळ झाली आणि तिच्या मदतनिसांपैकी एकजण आलाच नाही. नेमका हा दाराशी उभा राहून कॅन्टीनचा रस्ता विचारत होता. “जरा बसता का? फोनवर मी सांगेन ते अक्षर टाइप करायचं, बस्स,” असं म्हणून तिनेच त्याला आत ओढलं होतं.

प्रयोग जुना, सत्तर वर्षांहूनही जुना. एक रेघ दाखवायची, शेजारी आणखी तीन, आणि तिच्याएवढी यातली कोणती ते विचारायचं. लहान मूलही सांगेल. पण आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं, की शेवटच्या माणसाची चलबिचल सुरू होते. डोळ्यांना दिसतं ते गिळून तो हळूच बाकीच्यांत मिसळतो. सगळेच नाही, पण पुष्कळजण. तेव्हा माणसं टेबलाभोवती बसत. फोनवरच्या ग्रुपमध्ये, जिथे चेहरेही दिसत नाहीत, तिथेही हेच होतं का, ते मधुवंतीला पाहायचं होतं.

चौघांनी सांगितल्याप्रमाणे ‘ब’ लिहिलं. पाचवा हा. याने झकासपैकी ‘क’ ठोकला. आणि शेजारच्या खोलीत बसलेली, यातलं काहीच माहीत नसलेली शीतल नावाची लाजरी विद्यार्थिनी... ती बराच वेळ नुसतं ‘टाइपिंग’ दाखवत राहिली, आणि मग तिनेही लिहिलं — ‘क’.

“माझ्या प्रयोगाची वाट लावलीत तुम्ही,” मधुवंती म्हणाली.

“कशी काय? तिनेही बरोबरच लिहिलं की!”

मधुवंती बोलायला गेली आणि थबकली. त्या जुन्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग हाच तर होता. एकजण जरी खरं बोलला, तरी शेवटच्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरतो. तो भाग पुढच्या महिन्यात करायचा होता. या माणसाने तो न सांगता आजच करून दाखवला होता.

“तुमचं नाव काय?” तिने जरा मऊ आवाजात विचारलं.

“हर्षद. घाटकोपर, भटवाडी. कॅन्टीनच्या पेजसाठी फोटो काढायला आलो होतो.” तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटत होता, हे तिच्या काटेकोर नजरेने उगाचच टिपलं. “आमची आई मालवणची. ती म्हणते, दिसता तां सांगूक लाज कसली?”

“पुढच्या आठवड्यात येता?”

“परत चूक करायला?”

“हो,” ती म्हणाली. “पण या वेळी ठरवून.”

तो आला. मग येतच राहिला. चौघांनी ‘ब’ म्हणायचं आणि हर्षदने एकट्याने ‘क’, अशी त्याची नेमणूकच झाली. काम संपलं की दोघं तलावाकडच्या फाटकाशी चहा घेत. ऑक्टोबरचा उकाडा, आणि संध्याकाळ झाली की सातविणीच्या फुलांचा तो जड, डोकं भरून टाकणारा वास. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते मधुवंतीच्या आकडेवारीत कुठे सापडत नाही.

हर्षद दुकानांची पेजं सांभाळायचा. एक फरसाणवाला, एक चष्म्याचं दुकान, मुलुंडचा एक हाडांचा डॉक्टर. लाइक कधी येतात, कशाने येतात, हे त्याला पाठ होतं.

“तुझं शास्त्र म्हातारं झालंय गं,” तो चिडवायचा. “आता अल्गोरिदमचे दिवस आहेत.”

“अल्गोरिदम नवा असेल. माणूस जुनाच आहे,” ती म्हणायची. “तुझे ते लाइक आहेत ना, त्यांच्यावर कबुतरांनी कधीच काम करून ठेवलंय.”

“कबुतरांनी?”

“ठरल्या वेळी दाणा मिळाला की कबूतर मधल्या वेळात शांत राहतं. पण दाणा कधी पडेल याचा नेमच नसला ना, की ते बटणावर चोच मारतच राहतं. आपण फोन उघडून बघतो ना, पुन्हा पुन्हा... तसंच.”

हर्षदने चहाचा घोट घेतला. “म्हणजे मी रिप्लाय ठरल्या वेळी दिला तर तू शांत राहशील, आणि कधीही दिला तर...”

“मी कबूतर नाहीये!”

“मग काल मी दुपारी रिप्लाय दिला, तर तुझा निळा टिक त्याच सेकंदाला कसा काय उमटला?”

मधुवंतीचे कान तापले. “योगायोग,” ती म्हणाली. “नमुना फार लहान आहे. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“मग नमुना वाढवू ना...” तो म्हणाला, आणि तलावाकडे बघत राहिला.

यापलीकडे मात्र दोघांतलं कोणी काही बोललं नव्हतं. तो बोलत नाही म्हणजे त्याच्या मनात नसेल, असं तिला वाटायचं. आणि घरी काय सांगायचं? भटवाडीत त्याच्या घरचे काय म्हणतील? ‘टाइपिंग’ दिसायचं, आणि विझायचं.

तेवढ्यात मधुवंतीच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते प्रकरण उपटलं.

मुलुंड पूर्वेच्या मैत्री सोसायटीत तळमजल्यावर एक अभ्यासिका होती. मधुवंतीचे वडील अंबादास महापालिकेच्या पाणी खात्यात होते. ती लहान असताना त्यांनी आणि दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून मोडक्या सायकलींची एक खोली रिकामी केली, चुना मारला, टाकून दिलेल्या दारांची टेबलं केली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला — हातात पुस्तक, नजर पानावर. आजूबाजूच्या चाळींतली मुलंही तिथे येत. कोणी नर्स झालं, कोणी तलाठी झालं, आणि अंबादासांची मुलगी पवईला लागली. घरात हार्मोनियम वाजवणाऱ्या, पोरीला रागाचं नाव ठेवणाऱ्या या माणसाला एवढाच एक अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता.

सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाकांनी ग्रुपवर लिहिलं : “अभ्यासिकेच्या जागी जिम करावी असा विचार आहे. आपलं मत कळवा. निर्णय रविवारच्या सभेत.”

आणि अंगठे पडू लागले. एकामागून एक, पिवळे, गुबगुबीत अंगठे. “छान कल्पना.” “काळाची गरज.” कोणीतरी लिहिलं, “त्यानिमित्ताने भिंतीही एकदा मोकळ्या होतील.”

त्या ओळीवर मधुवंतीची नजर अडली. तिने बाबांकडे पाहिलं. अंबादासांनी फोन पालथा ठेवला. ग्रुपवर ते नुसते वाचायचे. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे कधी अंगठासुद्धा उमटवला नव्हता.

“लोकांना नको असेल तर राहू दे गं,” ते म्हणाले. “आपलीच जागा असल्यासारखं वाटायला नको कोणाला.”

तिला शास्त्र ठाऊक होतं. आपलं मत एकट्याचंच आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की शेजाऱ्याला वाटतं, आपणही एकटेच. अशी शांतता शांततेला वाढवत नेते. हेही जुनंच, फोनच्या कितीतरी आधीचं. सगळं पाठ होतं तिला. तरीही ती उत्तर टाइप करायला गेली आणि अंगठा हवेतच राहिला. ती लिहायची... खोडायची. लिहायची... खोडायची.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिने हर्षदला सगळं सांगितलं.

“एवढंच ना?” तो म्हणाला. “सोप्पंय! तू फक्त एक मेसेज टाक. माझ्याकडे पोरं आहेत, नंबर आहेत. भाडेकरू म्हणून ग्रुपवर घुसवतो आठ-दहाजण. अंगठेच अंगठे! फरसाणवाल्याचं पेज मी असंच उभं केलंय, यार.”

मधुवंतीने ग्लास खाली ठेवला. हळूच ठेवला, पण चहा सांडला.

“माझ्या बाबांच्या खोलीला भाड्याचे अंगठे नकोत, हर्षद.”

“अगं, तिकडचे अंगठे तरी कुठे मनापासून...”

“ते त्यांचे त्यांना. मी आकड्यांवर जगते. खोटा आकडा मी माझ्या शत्रूविरुद्धही वापरणार नाही.” तिची मान ताठ होती. “आणि तू... तू तर ‘क’ लिहिणारा माणूस आहेस ना? की तेही त्या दिवशी चुकूनच?”

ती निघून गेली. सातविणीच्या झाडाखालून जाताना तिने ओढणी नाकाशी धरली.

संध्याकाळभर फोन गप्प होता. तिने तो किती वेळा उघडला ते ती मोजणार नव्हती. कबुतरांचा विचार मनात आला, आणि स्वतःचाच राग आला.

सकाळी त्याचा मेसेज होता.

“चुकलो. धंद्यातली सवय तोंडावर आली. तुझं बरोबर आहे. पण एक सांगू? पहिला ‘क’ कोणाला तरी लिहावाच लागतो. मी लिहिला तेव्हा माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. कॅन्टीन शोधत आलेला माणूस मी. तुझं सगळं लागलंय. म्हणून तुझा ‘क’ माझ्यापेक्षा फार मोठा असेल, मधू.”

तिने तो मेसेज पुन्हा वाचला. मग ग्रुप उघडला, आणि या वेळी खोडलं नाही.

“मी मधुवंती खरात, बी विंग. दहावीपासून एमएस्सीपर्यंत मी या अभ्यासिकेत शिकले. आज जी काही आहे ती त्या दारांच्या टेबलांमुळे. मला जिम नको. मला अभ्यासिका हवी, भिंतीवरच्या फोटोसकट.”

पाठवलं. आतल्या खोलीत अंबादासांचा फोन वाजला. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चष्मा हातात होता, आणि सदऱ्याच्या टोकाने ते काचा पुसतच होते... काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या.

ग्रुपवर मात्र चिडीचूप. निळे टिक वाढत होते.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकूंचा मेसेज आला : “आमची श्वेता तिथेच बसते. घरात टीव्हीपुढे कसला होतोय अभ्यास! मलाही जिम नको. मी परवा अंगठा दिला तो सगळ्यांनी दिला म्हणून.”

त्यानंतर धरण फुटल्यासारखं झालं. “आमचाही विरोध.” “माझा मुलगा तिथेच बसून पोलीस भरतीची परीक्षा पास झाला.” “अंगठा मागे कसा घ्यायचा, कोणी सांगेल का?”

रविवारी सभा भरली ती अभ्यासिकेतच. चंद्रप्रकाशकाका उठले आणि टक्कल खाजवत म्हणाले, “खरं सांगू का? मला स्वतःलाच जिम नको होती. माझे गुडघे बघताय ना! मला वाटलं तरुण मंडळींना हवी असेल. मग तुमचे अंगठे आले, म्हटलं, हवीच आहे.”

खोली हसण्याने भरून गेली. मधुवंती सगळ्यांत मोठ्याने हसली. सगळ्यांना नको असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून मंजूर करत आणली होती, आणि तिचं म्हातारं शास्त्र मुलुंड पूर्वेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून खरं ठरलं होतं. ‘भिंती मोकळ्या’ लिहिणारा मागच्या रांगेत पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. अभ्यासिका राहणार, असं ठरलं.

त्याच वेळी दारात हर्षद उभा दिसला, गळ्यात कॅमेरा. तिनेच बोलावलं होतं, अभ्यासिकेचे फोटो काढायला. निदान तसं तिने मेसेजमध्ये लिहिलं होतं.

“हा कोण गं, मधू?” प्रेमाकाकूंनी विचारलं. त्यांचा आवाज असा, की अख्खी सभा वळून बघेल. बघितलंच.

अंबादासही बघत होते. सगळ्यांना पटेल असं उत्तर जिभेवर तयार होतं — ऑफिसमधला, फोटोग्राफर, ओळखीचा. सोपं, बिनधोक ‘ब’.

“हा हर्षद,” ती म्हणाली. “घाटकोपरचा. माझ्या प्रयोगात असतो. आणि...” तिने एक श्वास घेतला. “आणि मला आवडतो.”

हर्षदच्या हातातून लेन्सचं झाकण निसटलं आणि गडगडत टेबलाखाली गेलं. ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.

“माझं पण... ‘क’च आहे,” तो कसाबसा म्हणाला. “पहिल्या दिवसापासून.”

“काय आहे?” चंद्रप्रकाशकाकांनी शेजाऱ्याला विचारलं. त्यालाही कळलं नाही. खोलीत ते एकाच माणसाला कळलं. लेकीच्या तोंडून तो रेघांचा प्रयोग रोज जेवताना ऐकणाऱ्या माणसाला.

अंबादास पुढे आले. “कोणी सांगितलं म्हणून नाही ना लिहिलंस?”

“नाही काका. दिसतं ते लिहिलं.”

अंबादासांनी त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

“मग आधी चपला बाहेर काढ. इथे आत आणत नाहीत,” ते म्हणाले. “आणि फोटो काढायचा तर या भिंतीचा काढ. ही पण त्यात येऊ दे.”

मधुवंती फोटोखाली उभी राहिली, दारांच्या टेबलावर हात टेकून. वर पुस्तकाच्या पानावरची ती नजर, खाली तिची — सरळ कॅमेऱ्यात.

“मधू, जरा हस ना,” हर्षद म्हणाला.

“हसतेच आहे रे. तुझाच हात हलतोय.”

संध्याकाळी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडला. अंगठे पुष्कळ आले. पण सगळ्यांत पहिला, फोटो पडल्या पडल्या उमटलेला, अंबादासांचा होता.