पिवळ्या बसमधली पाकिटं

दवाखान्याच्या मागच्या दाराला अगदी चिकटून कुणीतरी शाळेची पिवळी बस उभी केली होती, आणि कामावर आलेल्या त्या तरुणीला आत जायला वीतभरही जागा उरली नव्हती. तिनं पत्र्यावर दोनदा थाप मारली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. तोंडावर मास्क, वर दोन झोपाळलेले डोळे.

"शाळा बंद आहे," डोळे म्हणाले.

"मला शाळेत नाही, आत जायचंय."

"मग जरा पोट आत घ्या. जाल आरामात."

ती खरोखरच पोट आत घेऊन, भिंतीला पाठ घासत शिरली. मागून आवाज आला, "पाठीला चुना लागलाय... पहिल्याच भेटीत मी लावला म्हणू नका."

तिला हसू आलं. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर दिसलंच असतं.

साथ येऊन दोन महिने झाले होते. रस्ते बंद, दवाखान्यातली गर्दी बंद. एचआयव्ही असलेली साठेक तरुण मुलं-मुली दर महिन्याला इथं येत, गोळ्या नेत, आपापसात हसूनखिदळून घेत. तेही बंद. आता प्रत्येकाला फोन करायचा आणि गोळ्या घरी पोचवायच्या असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. फोनचं काम त्यांनी हिला दिलं, कारण हिला कुणी 'तुला काय कळतंय' असं म्हणू शकणार नव्हतं. तो विषाणू ती जन्मतःच सोबत घेऊन आली होती. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलं, आणि सातव्या वर्षापासून एकही दिवस औषध चुकू दिलं नाही. आता ती चोवीस वर्षांची होती.

पोचवायचं काम मिळालं बसवाल्याला. शाळा बंद असल्यानं तो आणि बस दोघंही बसूनच होते. पाकिटं कसली आहेत ते त्याला सांगितलं होतं आणि कुठं बोलणार नाही अशी सहीही घेतली होती. पाकिटावर नाव नाही, फक्त आकडा.

रोज सकाळी त्याचा फोन येई. ती पत्ते सांगे, तो त्यांचा क्रम लावी. त्यात पाच मिनिटं जात. मग दहा जाऊ लागली. पुढं पुढं तर पत्ते दोन असले तरी बोलणं अर्धा तास चाले. तिसऱ्या आकड्याच्या घरचं कुत्रं आता शेपूट हलवतं, शाळेपाशी वळण घेताना बस अजून आपोआप हळू होते, मागच्या सीटखाली कुणाचा तरी एक बूट सापडलाय – असं काहीबाही तो सांगे. आणि ती ऐकत राही... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. मावशीला आलं असतं. ती शेजारच्या खोलीत भाजी निवडत असे.

"पत्ता फार लांबचा होता वाटतं आज," मावशी म्हणे.

मग एका मुलीनं फोन उचलणं बंद केलं. अठरा वर्षांची, कॉलेजात शिकणारी. सगळे तिला चिमणी म्हणत. ती वसतिगृहातून भावाच्या घरी येऊन अडकली होती, आणि भाऊ-वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी वहिनी झोपली की चिमणी हळू आवाजात बोलायची. 'पाकीट' म्हणायचं नाही, 'पुस्तक' म्हणायचं, असं दोघींत ठरलं होतं. पण त्या आठवड्यात फोन भावानं उचलला. ग्रंथालयातून बोलतेय, पुस्तक पाठवायचंय, असं ही कशीबशी म्हणाली. परीक्षाच नाहीत तर पुस्तकं कशाला, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. चिमणीकडं तीनच दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या.

तिनं हे सगळं बसवाल्याला सांगितलं. 

"कॉलेजची जाड पुस्तकं मिळतील कुठं?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो सात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन त्या दारात उभा राहिला. मधल्या पुस्तकाच्या वेष्टनात गोळ्या होत्या. भावानं दार उघडल्यावर यानं पुस्तकांचं नावच काढलं नाही, आधी पाणी मागितलं. मग भावाच्या दारातल्या बंद पडलेल्या दुचाकीकडं बघून हळहळला, उकिडवा बसून अर्धा तास तिच्याशी खटपटला आणि ती चालू करून दिली. त्यानंतर गठ्ठा आत न्यायला भाऊच चिमणीला हाका मारत होता. जाताजाता हा म्हणाला, "दर महिन्याला नवीन पुस्तकं येतील, जुनी परत द्यायची." संध्याकाळी चिमणीचा संदेश आला – 'पुस्तक मिळालं. आजचं पान वाचलं.'

तिनं तो संदेश त्याला वाचून दाखवला. 

"तू हसतेयस ना?" तो म्हणाला. "मला तुझे फक्त डोळे माहितीयत. बाकीचं मी अंदाजानं भरतो."

त्या रात्री तिला झोप आली नाही. कारण बाकीचं म्हणजे नुसते ओठ आणि हनुवटी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एकाला तिनं सगळं सांगितलं होतं. त्यानं चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला, आणि पुन्हा कधी फोन केला नाही. आता मात्र निवांत वेळ बघून सांगण्याची सोयही राहिली नाही. तिच्याच गल्लीत साथीचे रुग्ण सापडले, दोन्ही टोकांना दोर बांधले गेले, आणि तिच्या डबीत चार गोळ्या राहिल्या. यादीत स्वतःचा पत्ता घालण्यावाचून मार्ग नव्हता. एक दिवस तिनं नाही घातला. दुसऱ्या दिवशीही नाही. साठ जणांना रोज 'एकही दिवस चुकवू नका' म्हणणारी ती, डबीत उरलेल्या दोन गोळ्यांकडं बघत बसली.

"त्याच्यासाठी जीव टाकतेस ते ठीक," मावशी दारातून म्हणाली, "पण जीव घालवू नकोस."

सकाळी त्याचा फोन आला. तिनं चार पत्ते सांगितले आणि मग पाचवा.

"हा तर तुझा पत्ता."

"हो."

"मावशींच्या गोळ्या?"

"माझ्या," ती म्हणाली. "जन्मापासून. रोज घेते, म्हणून रक्ततपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही. मी ठणठणीत आहे, कुणाला माझ्यापासून लागण होणार नाही. पण... आहे."

पलीकडं बसचं इंजिन घरघरत राहिलं.

"पाकीट दुपारपर्यंत येईल," तो म्हणाला. "आणि... मला दोन दिवस दे."

पाकीट दुपारी आलं. दोराशी पहाऱ्यावर असलेल्या माणसाकडं देऊन तो निघून गेला होता. पुढचे दोन दिवस फोन झाले ते नुसते पत्त्यांचे, पाच मिनिटांचे. ती गोळी वेळेवर घेत होती, काम करत होती. मावशीनं विचारलं नाही काही, फक्त भाजी निवडायला तिच्याच खोलीत येऊन बसू लागली.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. ती गेली. दोराच्या पलीकडं तो उभा होता, हातात घडी पडलेला कागद.

"डॉक्टरीणबाईंना सात प्रश्न विचारले," तो म्हणाला. "तुझं नाव नाही घेतलं. तरी त्या हसल्या. मला या आजाराचं काही माहीत नव्हतं गं. पाकिटं पोचवत होतो, पण त्या गोळ्यांनी काय होतं ते कळत नव्हतं. घाबरलो होतो, ते लपवत नाही. सहा प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. सगळी चांगली आहेत."

"आणि सातवा?"

"तो तिलाच विचार, म्हणाल्या." त्यानं कागद उलगडला, पुन्हा मिटला. कान लाल झाले होते. "तिला मी चालेन का?"

ती चार पावलं मागं सरली आणि मास्क हनुवटीखाली ओढला. तेवढ्याच क्षणापुरता, पण पूर्ण हसू दिसेल इतका वेळ.

"माझा अंदाज," तो हळूच म्हणाला, "फारच कमी पडला होता."

दहा दिवसांनी दोर सुटला. पहिल्याच सकाळी ती बसच्या पुढच्या सीटवर बसली, मांडीवर पाकिटांची पिशवी घेऊन. मागं तिसऱ्या सीटवर मावशी. तरुण माणसांना एकटं सोडू नये, असं तिचं म्हणणं होतं. दोन चौक गेल्यावर मात्र तिनं बस थांबवायला लावली. इथं जुनी मैत्रीण राहते, म्हणाली, परतताना घ्या मला, घाई नको.

बस पुढं निघाली. त्यानं आरशातून मागं पाहिलं.

"इथं कोण मैत्रीण?"

"कुणीच नाही," ती म्हणाली, आणि पहिला पत्ता वाचायला लागली.