लाल चौकट

साताऱ्याच्या एमआयडीसीत हंबीररावांचा पंपाची कास्टिंगं, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, बनवायचा कारखाना होता. माल तपासायला त्यांनी कॅमेरा बसवला आणि तो सांभाळायला वाईच्या विश्वजितला ठेवलं. पट्ट्यावरून कास्टिंग यायचं, कॅमेऱ्याखाली क्षणभर थांबायचं. माल चांगला असला की पडद्यावर हिरवा ठिपका. कुठं चीर, छिद्र सापडलं की त्याभोवती लाल चौकट. पूर्वी हे काम डोळ्यांनी करणाऱ्या बायकांना घरी बसवलं होतं. विश्वजितला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. यंत्र थकत नाही, तोंड बघून माल पास करत नाही, एवढं त्याला पुरे होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी गुंडा नावाचा कामगार पट्ट्यावर माल लावत होता. त्याचा हात कॅमेऱ्याखाली आला आणि चौकट कास्टिंगवर न पडता त्याच्या अंगठ्यावर पडली.

"गुंडा, हाताला काय लागलंय?"

"काय न्हाई ओ साहेब. धुतलाय की."

तेल असेल, सावली असेल. विश्वजितनं दिवा सरकवला, काच पुसली, कॅमेऱ्याला चांगल्या मालाचे नमुने पुन्हा दाखवले. चौकट अंगठ्यावरच. त्यानं चित्र मोठं करून पाहिलं. कातडीवर केसाएवढी चीर दिसत होती. गुंडाच्या खऱ्या अंगठ्यावर तसलं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात ड्रिलनं गुंडाचा अंगठा नेला. चीर दिसली होती, बरोबर तिथून.

निदान मशीनला जाळी तरी बसवतील, म्हणून विश्वजित ते चित्र घेऊन हंबीररावांकडे गेला. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं. पोलीस, दवाखाना, कामगार कोर्ट यांनी ते आधीच टेकीला आले होते.

"सगळ्यांनाच एकदा उभं कर की त्याच्यापुढं," ते हळूच म्हणाले.

ओळखपत्रांचे फोटो काढायचेत, असं सांगून विश्वजितनं कॅमेऱ्याचं तोंड वळवून एकेकाला पुढं उभं केलं. हिरवा, हिरवा, हिरवा. मग फौजेतून परतलेला, कोरेगावकडचा लालासाहेब आला. छाती काढून, हनुवटी वर करून उभा राहिला. चौकट छातीच्या डाव्या बाजूला पडली.

"उद्यापासून येऊ नको म्हणावं त्याला," हंबीरराव म्हणाले.

"साहेब, डॉक्टरला तरी दाखवू. त्याला सांगू तरी."

"काय सांगणार? कॅमेरा म्हणतोय म्हणून? बाहेर काय व्हायचं ते होऊ दे. आपल्या गेटच्या आत नको."

लालासाहेब विश्वजितच्या टेबलापाशी आला. "साहेब, माजं काय चुकलं, तेवढं सांगा. मी कवा खाडा केला न्हाई."

विश्वजितनं पडद्याकडे तोंड वळवून पुढचं कास्टिंग तपासायला घेतलं. लालासाहेब निघून गेला.

उसाला पाणी पाजताना तो बांधावरच कोसळून गेल्याची बातमी आली. तेव्हा हंबीररावांनी विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. "वाचलो गड्या!"

पुढं हे अंगवळणीच पडलं. फोटो निघत, कुणीतरी कामावरून जाई. चौकट पडलेल्यांना विश्वजित काही सांगत नसे. सुरुवातीला त्याला झोप लागत नव्हती. मग लागायला लागली.

एका दुपारी पुण्याहून मोठी गिऱ्हाइकं आली. त्यांना कॅमेऱ्याची करामत दाखवायला हंबीररावांनी स्वतःच एक कास्टिंग उचललं, वाकून पट्ट्यावर ठेवलं.

चौकट त्यांच्या कपाळावर पडली.

चीर भुवईपासून केसांत गेली होती. पाहुणे पलीकडच्या बाजूला होते. पडदा एकट्या विश्वजितलाच दिसत होता.

"काय म्हणतोय आमचा कॅमेरा?" हंबीररावांनी विचारलं.

खरं ते विश्वजितच्या ओठांवर आलं होतं.

"पास, साहेब."

सगळे हसले. हंबीरराव पाहुण्यांना घेऊन भट्टीकडे गेले.

विश्वजितनं पट्टा बंद केला. कास्टिंग तसंच कॅमेऱ्याखाली होतं. ते बाजूला करायला त्यानं दोन्ही हातांनी उचललं. लोखंड थंड लागलं, जड लागलं.

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर कास्टिंग आपोआप वर उचललं जात होतं. विश्वजितचे हात त्यात कुठंच नव्हते. कॅमेऱ्याच्या लेखी तिथं माणूसच उरला नव्हता.