ताप उतरला तेव्हा

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत स्नेहल राहायला आली त्याला दोन-अडीच महिने झाले होते. नवरा मनोज तिथे कंट्रोल रूमला. इमारत जुनी, निम्मे क्वार्टर रिकामे. पण घर ऐसपैस होतं, वारा खेळता होता. तिची काही तक्रार नव्हती.

एप्रिलातल्या त्या सकाळी मनोज ड्यूटीवर गेला आणि साडेतीन वर्षांच्या स्वरदाला कणकण आली. काखेत थर्मामीटर लावलं तर एकशे दोन. स्नेहल घाबरट नव्हती. डॉक्टरांनी स्वरदाच्या वजनाप्रमाणे सांगून ठेवलेलं तापाचं औषध तिने मोजून पाजलं, अंगात नुसता सुती फ्रॉक ठेवला, पंखा बारीक केला. मग दर थोड्या वेळाने चमचा चमचा पेज, मध्येच सरबताचा घोट. चांदवडला सासूबाईंनाही कळवलं.

सिंधुबाईंनी पाच पोरं वाढवलेली. त्या फोनवर म्हणाल्या, "गार पाण्याच्या पट्ट्या नको ठिवू. कोमट पाण्यानं अंग पुस. अन् पांघरूण लादू नको, ताप कोंडतो. लघवीला जाती का पोरगी?"

"जाते. पण फार किरकिर करतेय, आई."

"किरकिर करती ना? मंग बरंय. गप पडली की भ्यायचं."

दुपारी बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर जागच्या जागी थबकल्यासारखा दिसत होता. स्नेहल कोमट पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि वाडगं घेऊन परतली, तर स्वरदाच्या कपाळावर आधीच पट्टी होती. चौघडी केलेली, ओलीचिंब. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. पट्टी बर्फासारखी गार होती. पाण्याचं वाडगं तर तिच्या हातात होतं. खोलीत ओल्या राखेचा वास येत होता.

"ही तू ठेवलीस, बाळा?"

"नाही. तिने."

"कोणी?"

भिंतीकडे मान वळवून स्वरदा म्हणाली, "तिला थंडी वाजते. मी गरम आहे ना... म्हणून जवळ आली."

तापात पोरं बरळतात, हे स्नेहलला ठाऊक होतं. तिने पट्टी काढून टाकली, अंग पुसलं, थर्मामीटर लावलं. नव्याण्णव. औषध लागू पडलं म्हणायचं. जीव भांड्यात पडला आणि ती वरणभाताचा कुकर लावायला गेली.

ओट्याशी तिला आतलं बोलणं ऐकू येत होतं. स्वरदा दबक्या आवाजात कुणाला तरी सांगत होती, "एवढी नको ना चिकटू... मी पडेन." मग खुदकन हसली. मग नुसता पंख्याचा आवाज.

किरकिर नाही, हसणं नाही. सासूबाईंचा शब्द आठवला आणि स्नेहल हातातला तांदूळ तसाच टाकून धावली.

स्वरदा पलंगाच्या अगदी काठावर आली होती. तिच्या पाठीमागे, भिंतीपर्यंत, एक मोठं माणूस झोपेल एवढी जागा मोकळी होती. पोरीचे ओठ निळसर पडले होते. थर्मामीटरने चौऱ्याण्णव दाखवलं. खरं वाटेना म्हणून स्नेहलने पुन्हा लावलं. आता त्याहूनही कमी.

"स्वरदा... ए स्वरदा... डोळे उघड."

पोरीने पापण्या कशाबशा उचलल्या. "आई... ती सोडत नाहीये."

स्नेहल तिला दोन्ही हातांनी उचलायला गेली, पण ती उचलली जाईना. फ्रॉक पाठीमागे ताणला गेला होता, जणू कुणी मुठीत घट्ट धरला होता. मागे कुणी नव्हतं. राखेचा वास घशात उतरत होता. स्नेहल ओरडली नाही. तिने दात आवळले आणि सगळं बळ लावून लेकीला ओढलं. शिवण टर्रकन उसवली आणि पोर छातीशी आली. दार सताड उघडं टाकून ती अनवाणी जिना उतरली.

बाहेरचं ऊन आगीसारखं अंगावर आलं. आयुष्यात तिला ऊन एवढं चांगलं कधी वाटलं नव्हतं. लेकीला कवटाळून ती फाटकापर्यंत पळाली. तिथे रिक्षा मिळाली. नाशिकरोड येईस्तोवर स्वरदा कुशीत चुळबुळली आणि मोठ्याने रडायला लागली. ते रडणं ऐकून स्नेहललाही रडू फुटलं.

दवाखान्यात ताप पुन्हा एकशे एक भरला. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती तपासली. "व्हायरल आहे. उतरेल. घरी तुम्ही सगळं नीटच केलंत."

"मधे चौऱ्याण्णवच्या खाली गेला होता..."

"थर्मामीटरचा सेल बदला," ते म्हणाले. स्वरदाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, लांब बोटांचे पांढुरके वळ होते. त्यावर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि मग औषध लिहायला घेतलं.

स्नेहल घरी परत गेलीच नाही. नाशिकरोडला बहिणीकडे थांबली. तिथे स्वरदाचा ताप चारचौघांच्या पोरांचा उतरतो तसा दोन दिवसांत उतरला.

दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी कपडे आणायला मनोज क्वार्टरवर गेला होता. दार उघडंच होतं, चोरीला काहीही गेलं नव्हतं. थर्मामीटर शोधायला तो पलंगावर टेकला आणि आधाराला त्याने भिंतीच्या बाजूला हात ठेवला. गादी गरम होती. तापाने फणफणलेलं माणूस नुकतंच उठून गेल्यासारखी, उशीपासून पायथ्यापर्यंत.

तो हात काढून घेणार, तेवढ्यात ती ऊब त्याच्या तळव्याखालून हळूच भिंतीकडे सरकली. त्याला जागा करून देत असल्यासारखी.