गिअर अडखळत नव्हता

त्यानं सही करायला खिशातून पेन काढलं, आणि तिला राहवलं नाही.

खरं तर तिचा काडीचाही संबंध नव्हता. विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून ती शेजारच्या गॅरेजात एक ठोकलेली गाडी बघायला आली होती. फोटो काढून झाले होते. निघायचं, एवढंच बाकी होतं. पण कुंपणापलीकडे, जुन्या गाड्यांच्या आवारात, एक उंच माणूस एका काळ्याभोर साहेबी गाडीकडे इतकं खुळावून बघत होता, की तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

"पेन जरा खिशात ठेवता?" ती म्हणाली. "आधी बॉनेटवर हात ठेवून बघा."

तो गोंधळला, पण त्यानं हात ठेवला. "गरम आहे."

"म्हणजे तुम्ही यायच्या आधीच कुणीतरी गाडी चालू करून ठेवलीय. जुनी गाडी थंड असताना बघावी. थंड इंजिन सुरू होताना खोकतं, कुरकुरतं, धूर सोडतं. एकदा तापलं की सगळं गुपचूप गिळून बसतं."

"बाई, तुम्ही कोण?" विक्रेत्यानं विचारलं.

"कुणी नाही," असं म्हणत तिनं मागचं दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिली... अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती.

"ही गाडी बुडालेली आहे. पुराच्या पाण्यात असेल, नाहीतर तळघरात. बाहेरून धुता येते, रंगवता येते, आत अत्तर मारता येतं. पट्टा शेवटपर्यंत ओढून धुवायचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही."

विक्रेत्याला अचानक कुणाचा तरी फोन आला. वाजला मात्र नव्हता.

फाटकाबाहेर आल्यावर तो माणूस हसायला लागला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला, आणि तो बोटानं वर सारायची त्याची सवय तिनं उगाचच टिपून घेतली.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांची नजर तपासतो."

"आणि स्वतःला गाळ दिसला नाही."

"चकाकी दिसली ना... गाळाकडे कोण बघतं?"

मग त्यानं कारण सांगितलं. त्याच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. त्याच्या लहानशा गाडीत तिला घडी घालून बसवावं लागे, आणि ती ताठ कण्याची बाई म्हणे, मी काय चादर आहे? सहा महिने ती खिडकीपाशी बसून होती. पाय पसरून बसता येईल अशी मोठी, आरामशीर गाडी हवी होती. नवी झेपणारी नव्हती, म्हणून दहा-बारा वर्षांची चालणार होती.

"चालेल," ती म्हणाली, "पण एक ध्यानात ठेवा. अशा गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला तरी खातो हत्तीएवढंच."

तो थांबला. "पुढच्या रविवारी आणखी एक हत्ती बघायला जायचंय. तुम्ही..."

"रविवारी मी काम करत नाही."

"काम नाही हो," तो घाईनं म्हणाला. "सोबत."

ती गेली. का गेली, हे तिच्या ताईनं फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माणूस फसेल गं." ताई म्हणाली, "आजवर इतकी माणसं फसली, तू झोपून होतीस."

दुसरी गाडी चांदीच्या रंगाची होती. मीटर सांगत होतं, गाडी जेमतेम साठ हजार किलोमीटर धावलीय. तिनं त्याला खाली वाकायला लावलं. "ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. काय दिसतं?"

"गुळगुळीत. टक्कल पडलंय."

"स्टिअरिंगचं कातडं?"

"चकचकीत झालंय... सीटची कडही बसलीय." त्यानं मान वर केली. दोघांची डोकी दारात इतकी जवळ आली होती, की तिला त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास आला. "म्हणजे साठ नाही, दोन लाख धावलीय. मीटर मागे फिरवलंय."

"शहाणे झालात की."

"शिकवणारी कडक आहे."

त्याच दिवशी टायरवरची तारीख वाचताना तिनं डोळे बारीक केले, आणि ते त्यानं पाहिलं. "तुम्हाला चष्मा लागलाय," तो म्हणाला. ती म्हणाली, छे. तो म्हणाला, "चला दुकानात, तपासून घेऊ. तुम्ही माझी गाडी बघता, मी तुमचे डोळे बघतो."

दुकानामागच्या छोट्या खोलीत त्यानं दिवा मालवला. एक बारीकसा उजेड तिच्या डोळ्यात आला. "माझ्याकडे नाही, माझ्या कानाच्या मागे बघा. लांब." तो अगदी जवळ होता. आपण श्वास रोखलाय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"हे बरं," त्यानं काच बदलली, "की हे बरं?"

"पहिलं."

"नक्की? पुन्हा दाखवू?"

"दाखवा," ती म्हणाली. खरं म्हणजे तिला पहिल्याच वेळी स्पष्ट दिसलं होतं.

तिसरी गाडी अपघातातून उठलेली निघाली. दार आणि मडगार्डमधली फट एका बाजूला करंगळीएवढी, दुसऱ्या बाजूला नखाएवढी. चौथीच्या इंजिनाखाली तेलाचं थारोळं होतं. परत येताना भुरभुर पाऊस लागला, आणि त्याच्या लहानशा गाडीत काच पुसायचा बोळा दोघांनी एकाच वेळी उचलला. बोळा त्याच्याकडे राहिला. हात सुटायला मात्र जरा वेळ लागला... तोवर मागच्या गाडीवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला होता.

चौथ्या रविवारी ते एका निवृत्त वैमानिकाकडे गेले. गडद निळी, लांबलचक गाडी, चौदा वर्षांची, एकाच मालकाची. वैमानिकानं टेबलावर फाइल ठेवली. प्रत्येक सर्व्हिसची पावती, प्रत्येक तेलबदलाची तारीख. "विमानालासुद्धा मी इतकं जपलं नाही," तो म्हणाला. बॉनेट गार होतं. इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन जागं झालं, धूर नाही, कुरकुर नाही. पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ. मागची सीट अशी ऐसपैस, की कुणीही खुशाल पाय पसरावेत. चढावर, खड्ड्यांतून, गर्दीतून तिनं गाडी फिरवली आणि तिला कुठेही नाव ठेवता येईना.

शेजारी बसून तो तिच्या तोंडाकडे बघत होता. "काय? हीच ना?"

तिच्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार आला. सगळा मोकळा. सकाळी फोन नाही, कुठे भेटायचं ते नाही.

"गिअर," ती म्हणाली. "दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना किंचित अडखळतोय."

"मला नाही जाणवलं."

"तुम्हाला नाही जाणवणार."

त्याचा चेहरा पडला. "बरं. आईला सांगतो, अजून थोडे दिवस काढ म्हणून."

घरी येऊन तिला जेवण जाईना. नऊ वर्षांत तिनं अहवालात एक ओळ खोटी लिहिली नव्हती. लोकांनी लालूच दाखवली, डोळे वटारले, ती बधली नव्हती. आणि आज, एका रविवारासाठी, खिडकीपाशी बसलेल्या एका बाईचे आणखी आठवडे तिनं चोरले होते. तिनं ताईला फोन करून सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "गाडीची खोट माणूस सांगत नाही, तुला शोधावी लागते. स्वतःची तरी आपणहून सांग."

सकाळी ऑफिसच्या आधी ती वैमानिकाच्या घरी पोचली. गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढं सांगायचं आणि तिथून थेट चष्म्याचं दुकान गाठायचं, असं ठरवलं होतं. पण गाडी फाटकाबाहेर उभी होती, आणि आत, चालकाच्या जागेवर, तो बसला होता.

तिनं शेजारचं दार उघडलं आणि बसली.

"अडखळत नाही," तो समोर बघत म्हणाला. "तीनदा चढावर नेली. लोण्यासारखा बदलतो गिअर."

"माहीत आहे."

"काल?"

"कालही अडखळत नव्हता."

तिनं दार ओढून घेतलं. "मी खोटं बोलले. गाडी कुणासाठी आहे हे माहीत असून बोलले. माफी मागायला आले. बाकी... बाकी काही सांगायचं ठरवलेलं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला या फेऱ्यांचा कंटाळा आला," तो सावकाश म्हणाला. "म्हणून काहीतरी खोट काढून मोकळ्या झालात."

"कंटाळा? ही गाडी पसंत पडली असती तर पुढच्या रविवारी मी काय करणार होते?"

तो वळला. चष्मा घसरला होता, पण तो वर सारायचं त्याला सुचलं नाही.

"ते बाकीचंही सांगून टाक," तो म्हणाला.

टाका नव्हे, टाक. तिनं मनातल्या मनात दोनदा तपासून घेतलं.

"तू मला आवडतोस," ती एका दमात म्हणाली.

तो नुसता हसत राहिला. मग म्हणाला, "आता माझंही ऐक. तिसऱ्या गाडीला अपघात झालेला, चौथीचं तेल गळतं, हे मला फोनवरच कळलं होतं. मालकांना विचारलं, त्यांनी सांगून टाकलं. तरी तुला बघायला नेलं."

"म्हणजे माझे दोन रविवार तू फुकट घालवलेस?"

"फुकट?" त्यानं तिचा हात हातात घेतला. या वेळी मधे बोळा नव्हता. "तुझ्याबरोबरच्या एकाही रविवाराला फुकट म्हणू नकोस. आणि पुढचेही सगळे मला हवेत."

फाटकापाशी वैमानिक चहाचा कप घेऊन उभा होता. "गाडी घेणार आहात," त्यानं विचारलं, "की तिच्यातच राहणार आहात?"

गाडी घेतली. कागदपत्रं नावावर झाल्यावर, एका लख्ख सकाळी, त्यानं ती आपल्या दारासमोर आणून लावली. तो हाताला धरून आईला एकेक पायरी खाली घेऊन आला, तेव्हा ती मागचं दार उघडून, आत सरकून बसली होती. बाईंना आधार लागला तर द्यावा म्हणून. बाई बसल्या, टेकल्या, दोन्ही पाय त्यांनी हळूहळू लांब केले आणि डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडून त्यांनी शेजारच्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही कोण रे? गाडीबरोबर मिळाली का?"

"उलटं आहे आई," तो आरशात बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हिच्याबरोबर गाडी मिळाली."

बाईंनी थोडा विचार केला.

"मग इथे माझ्या शेजारी काय करतेय?" त्या म्हणाल्या. "जा गं, पुढे बस त्याच्याजवळ. मला पाय पसरायचेत."