थोरलीच्या हातून

“त्या दिवशी तू हिला नीट धरलं असतंस ना, तर आज ही वेळ आली नसती!”

आईने हे भर दारात, शेजाऱ्यांच्या देखत म्हटले आणि थोरलीच्या हातातली इस्पितळाची पिशवी एकाएकी जड झाली. धाकटी गाडीत बसली होती. तिने ऐकले आणि नेहमीप्रमाणे मान फिरवली. आज तिच्या खुब्याचे ऑपरेशन होते... वयाच्या छत्तिसाव्या वर्षी!

धाकटी थोरलीच्या हातून पडली होती, हे खरेच होते. ती स्वतः नऊ वर्षांची, वर्षाची धाकटी कडेवर, आणि ओल्या पायरीवरून सटकलेला एक पाय... पुढे धाकटी दोन वर्षांची होईपर्यंत चाललीच नाही, चालू लागली तीही दोन्ही बाजूंना झुलत, आणि आईने सारे खापर त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर फोडले. पहिल्या डॉक्टरने कागदावर लिहिले, ‘मोठ्या बहिणीच्या हातून पडली.’ दुसऱ्याने पहिल्याचा कागद पाहून तेच उतरवले, तिसऱ्याने दुसऱ्याचा! डॉक्टर बदलले, कागद पिवळे पडले, ते वाक्य तेवढे ताजे राहिले.

त्या एका वाक्यापायी थोरलीने काय नाही केले! धाकटीला पाठीवर घेऊन ती शाळेचे जिने चढली. तिच्या मनातला एक माणूस, साधा शाळामास्तर, लग्नाचे विचारायला घरी आला, तेव्हा “हिला कोण बघेल?” म्हणून तिने त्याला दारातूनच परत पाठवले. आणि धाकटीचे जुळलेले लग्न तिची चाल पाहून मोडले, त्या दिवशी धाकटी किंचाळली होती, “मला पांगळं केलंस, आता माझ्यासाठी झिजून पुण्य कमावतेस? नको मला तुझी दया!” तेव्हापासून चौदा वर्षे दोघी एकाच घरात राहिल्या आणि कामापुरते बोलल्या. ‘ताई’ हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आला नाही.

थोरली त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ऑपरेशनमध्ये काढलेले सगळे तपासणीसाठी तिच्या टेबलावर येई. त्या दुपारी डब्यातून धाकटीच्या खुब्यातून काढलेला हाडाचा गोळा आला. सोबतच्या फॉर्मवर आजाराच्या कारणाची जागा रिकामी होती. थोरलीने पेन उचलले आणि स्वतःच्या हाताने लिहिले, ‘मोठ्या बहिणीच्या हातून पडली.’ अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले, याचाच तिला राग आला!

हाड आम्लात मऊ व्हायला दहा दिवस लागले. रोज सकाळी ती सुई टोचून पाही, आणि रोज ती सुई कुठेतरी तिलाच टोचे. मग तो तुकडा मेणात बसवून तिने त्याचे केसाहून पातळ काप काढले, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतले, रंगवले. धाकटीचे टाके काढायच्या दिवशी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“हे पडल्याचं कुणी लिहिलं?”

“मी, बाई.”

“खोडा ते! इकडे या, बघा. गोळ्यावर थोडी कूर्चा, सांध्यावरचं ते गुळगुळीत आवरण, शिल्लक आहे ना, तिच्या या पेशी. प्रत्येकीच्या पोटात काहीतरी साठलंय, दिसतंय? पेशीनं ते तयार करून बाहेर सोडायचं असतं, तेव्हा कुठे कूर्चा धड उभी राहते. यांना ते बाहेर टाकताच येत नाही. आतल्या आत साठतं आणि बिचारी पेशी गुदमरून मरते. पडून असं होत नाही हो! हे जन्माच्या आधीपासूनचं. रक्त तपासून पक्कं करूच, पण इतकी वर्षं सगळ्यांनी नुसती साप साप म्हणून भुई धोपटली!”

थोरलीने भिंगाला डोळा लावला. आतल्या आत साठवून गुदमरणे म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होते. पस्तीस वर्षे...! आता हा कागद आईपुढे टाकायचा, मोठ्याने वाचायचा, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने!

“घरात आणखी कुणी असं झुलत चालतं का?” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “बहुतेकदा हे आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं असतं.”

आणि थोरलीच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. भिंतीला हात लावल्याशिवाय एक पाऊल न टाकणारी, चाळिशीतच जमिनीवर बसणे सोडलेली आई! घरात सगळे त्याला वाताचे दुखणे म्हणत आले होते.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, आणि हाती आलेली सुटका तिने तिथल्या तिथे सोडून दिली.

टाके काढून धाकटी वॉकर घेऊन बाकावर बसली होती. आई औषधे आणायला गेली होती. थोरलीने कागद धाकटीच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला.

“ताई...”

चौदा वर्षांनी!

“ताई, म्हणजे तू... तू काहीच केलं नव्हतंस?”

“पाडलं होतं गं. ते काही खोटं नाही.”

“आणि मी तुला काय काय बोलले! तुझा सगळा जन्म गेला गं माझ्यापायी...” धाकटीला हुंदका आवरेना. थोरलीने तिचे डोके छातीशी घेतले, अगदी शाळेच्या जिन्यावर घेई तसे.

“आईला मात्र यातलं काही सांगू नकोस. बहुतेक तिच्याकडूनच आलंय हे. या वयात नाही पेलणार तिला. मला सवय आहे.”

“अगं, पण ती तुला मरेपर्यंत बोलत राहील!”

“बोलू दे.”

आई आली आणि तिघी निघाल्या. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला काचेचे दार होते. धाकटी वॉकरवर, शेजारी भिंतीला हात लावत आई, मागे पिशव्या घेऊन थोरली. दार जवळ आले तशी आई अचानक थबकली. काचेत दोघी समोरून येत होत्या... एकाच बाजूला झुकत, एकाच वेळी सावरत.

“थोरले,” आईचा आवाज पार बदलला होता, “मी अशी चालते?”

भिंत धरून ती काचेकडे आणखी एक पाऊल पुढे झाली.

“लग्नाआधीपासून अशीच चालते गं मी. म्हणजे हे हिला... माझ्याकडून...?”

धाकटीने ओठ घट्ट मिटले. थोरली पुढे झाली.

“नाही गं आई,” ती म्हणाली. “माझ्या हातून पडली ना ती!”

आईने तिच्या तोंडाकडे पाहिले. पस्तीस वर्षांत पाहिले नव्हते इतका वेळ पाहिले. तिचे डोळे भरून वाहू लागले. मग तिने भिंतीवरचा हात हळूच काढला आणि थोरलीच्या खांद्यावर ठेवला.

“धर मला,” ती म्हणाली. “तू नीट धरतेस.”